पेन खुपसलेले तांदूळ

ती काजवाली. शिंप्याच्या कारखान्यातून आलेल्या शर्टांना घरी बसून काजे करायची, बटणे लावायची. त्यावर ती, तिची लेक आणि अंथरुणाला खिळलेली सासू अशी तिघींची पोटे चालत. चालत म्हणजे महिन्याच्या विसाव्या तारखेपर्यंत. पुढे डाळीत पाणी वाढे आणि "मला आज भूक नाही" असे काजवाली रोज म्हणू लागे. सरकारी मदत सुरू झाली आणि हे वाक्य त्या घरातून गेले. लेकीच्या ताटात दिवसाआड अंडे दिसू लागले.

आठ महिन्यांनी तपासणी निघाली. ती होईपर्यंत मदत रोखलेली, त्यामुळे फळीवरचे डबे पुन्हा वाजू लागले होते. उद्या साहेब घर पाहायला येणार, असा निरोप आला.

त्या ओळीतल्या खोल्यांची एक रीत होती. परका माणूस येणार असला की रिकामी फळी त्याच्या नजरेस पडू द्यायची नाही. शेजारच्या खोलीतली थोरली जाऊ तांदळाचा डबा घेऊन आली.

"अगं, साहेब म्हणजे पाहुणाच की! रिकाम्या फळीखाली बसवणार त्याला?"

समोरच्या मावशींनी डाळ, साखर आणि दोन अंडी दिली. गरिबी मांडून दाखवायची असते, हे कुणाच्या मनातही आले नाही.

साहेब बूट न काढता आत आले. सासूच्या अंथरुणाकडे पाहून त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग एकेक डबा उघडला आणि तांदूळ किती आहेत ते पाहायला त्यात पेन खुपसले. काजवालीने पुढे ठेवलेल्या बशीतली उकडलेली अंडी त्यांनी बोलता बोलता संपवली. दोन्ही.

"मजा आहे तुमची, बाई! आमच्या घरी नसतात इतके डबे भरलेले."

"उसने आहेत, साहेब. तुम्ही येणार म्हणून आणले."

"म्हणजे देखावा?" तोंडातला घास सावकाश गिळून साहेब हसले. "हे बघा, डबे तुमचे असतील तर तुम्हाला गरज नाही. उसने असतील तर ही सरकारची फसवणूक. काय लिहू, तुम्हीच सांगा."

अंथरुणातून सासू म्हणाली, "अहो साहेब, अंडी कुणी खाल्ली तेही लिहा हो."

साहेबांनी ऐकले नसल्यासारखे केले. पिवळी झालेली बोटे त्यांनी तांदळाच्या डब्यावरच्या फडक्याला पुसली आणि कागदावर 'गरज नाही' असे लिहिले. अक्षर मोत्यासारखे होते.

दुपारी जाऊ डबा न्यायला आली. झाकण उघडताच तिने तोंड वाकडे केले. "शी! काय काय लागलं असेल त्या पेनाला. वरचे टाकूनच देते."

"टाकू नका, जाऊबाई," काजवाली म्हणाली. "मला द्या."

ते तांदूळ तिने तीन पाण्यांनी धुतले. भात झाला तो दोन ताटांत वाढला, आणि शर्ट पुढ्यात ओढून ती सुईत दोरा ओवू लागली.

"आई, तुझं ताट?" लेकीने विचारले.

"मला आज भूक नाही."