प्रवाळाचं चुनापाणी

ऐंशी सालाच्या आसपास मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. आमच्या विभागप्रमुख सरांनी मालवणहून समुद्राचं पाणी आणि जिवंत प्रवाळाचे मुठीएवढे चार गड्डे आणून काचेच्या टाकीत ठेवले. महिनाभरात दोन पांढरे पडून मेले. प्रवाळ अंगाभोवती चुन्याचं घर बांधतो. टाकीतला चुना संपत होता, आणि त्यावरचं औषध आपल्याकडे कुठंच मिळत नव्हतं.

मग मीच खटपट केली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कळीचा चुना कालवून झाकून ठेवायचा. तो तळाला बसला की वरची निवळी सलाईनच्या बाटलीत भरून थेंबथेंब टाकीत सोडायची. भसकन ओतली तर पाणी दुधाळ होई आणि प्रवाळ आक्रसून जात. मॅग्नेशियमचं मीठ दिवसाआड, वेगळ्या बाटलीतून. उरलेले दोन गड्डे तगले, कडेनं वाढूही लागले.

कॉलेजात कुणी पाहुणे आले की सर त्यांना टाकीपाशी आणत. "हे सगळं आमच्या बाईंचं. त्यांच्याशिवाय कुणाला जमत नाही."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हरखले होते. वर्षभरानं तेच वाक्य नकोसं झालं. रविवारी टाकी, दिवाळीच्या सुट्टीत टाकी. रजेचा अर्ज दिला की सर हसून विचारत, "मग प्रवाळाचं काय?" आणि मी अर्ज परत घ्यायचे. गारगोटीला धाकट्या बहिणीच्या बाळाचं बारसं झालं, तेव्हाही मी थेंब मोजत बसले होते.

एके दिवशी तीच बाळाला कडेवर घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"तू येईनास, म्हणून मीच आलो," ती म्हणाली. टाकीत वाकून बघत तिनं विचारलं, "ह्या दगडांना बांधलंय व्हय तुला?"

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला येत नाही गं."

तिथं काचा पुसत असलेले आमचे म्हातारे शिपाईमामा वळले. "बाई, तुम्ही माप कुणाला सांगतच न्हाईसा. मग येणार कसं?"

माप माझ्या वहीत होतं आणि वही माझ्या कुलपात. कुणी शिकलं असतं तर माझ्या कौतुकात वाटेकरी आला असता, म्हणून मी कधी शिकवलंच नव्हतं. मी वही काढून मामांच्या हातात दिली, सरांच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि बहिणीबरोबर गारगोटीची एसटी धरली.

चार दिवस बाळ मांडीवर असताना डोळ्यांपुढं पांढरे पडलेले प्रवाळच यायचे. परतले ते धावतच. मामा टाकीसमोर स्टूल टाकून थेंब मोजत होते आणि प्रवाळ मस्त फुललेले. मला आनंद व्हायला हवा होता. आला राग. माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात तीन दिवस वीज नव्हती. पाणी तापलं, हवेचा पंप बंद पडला आणि दोन्ही गड्डे मेले. मामांनी डोळे पुसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"नवे आणू," सर म्हणाले.

"आणा सर. पण चुनापाणी मी करणार नाही."

त्यांनी ते कधी आणले नाहीत. शनिवार दुपारची गारगोटीची एसटी मात्र मी सहसा चुकवली नाही.