बंबाची कल्हई

चौलच्या मनुबाईला दोन गोष्टींचा भारी तोरा. एक, घरातून माडी, म्हणजे माडाची दारू, हद्दपार झाली याचा. आणि दुसरा, न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाचा. नवऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली, माडावर चढणं सोडून सुपारीची वाडी केली, तेव्हापासून त्या भंडाऱ्याच्या घरात माडीचं नाव काढायची सोय नव्हती. नवरा गेला, नियम राहिला. आणि बंब तर काय, आख्ख्या आळीत दुसरा नव्हता. आल्यागेल्याला झाकण उघडून ती आतला पांढरा थर दाखवायची. "कल्हई बघा. लोकांची वर्षात उडते, आमची दरसाल जाड होते." आता कल्हई जाड होते हे कुणाच्या सात पिढ्यांत ऐकलंय का? पण मनुबाईच्या तोंडाला कोण लागणार! बाहेरून चिंचेने घासायचा, आत बोटसुद्धा लावायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

आणि त्या बंबात पाणी काही तापत नसे. टोपलीभर नारळाची सोडणं जाळली तरी तोटीतून कोमटच यायचं. विहिरीचं पाणी जड. डाळ टणक ती टणकच, आणि साबणाला फेस म्हणून नाही. पण मनुबाईच्या लेखी पाणी चांगलं, बंब चांगला, वाईट काय ती सून. पहिली सून ठमी. तिला जाळ घालता येत नाही, तिच्या हाताला गुण नाही, म्हणून तिला रेवदंड्याला माहेरी धाडली. "शिकून ये," म्हणाली, आणि लगेच लेकाचं, हरेश्वराचं, दुसरं लग्न लावून मोकळी झाली. हरेश्वर काय करत होता म्हणाल, तर सुपारीच्या मुळाशी माती ओढत होता. पोरगा गरीब, पण असलं गरीबपण दुसऱ्याच्या मुळावर येतं, हे मी तोंडावर सांगायला तयार आहे.

दुसरी आली ती मुरुडची केसर. काळीसावळी, कमी बोलणारी, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. दिवाळीपर्यंत तिचंही तेच झालं. डाळ शिजेना, पाणी तापेना.

"नाचता येईना अंगण वाकडं," मनुबाई म्हणाली. "होळी झाली की तू पन माहेरी जा. शिकून ये."

'शिकून ये' म्हणजे काय, ते केसरला पक्कं ठाऊक होतं. त्याच शब्दांनी रिकाम्या झालेल्या जागेवर ती या घरात आली होती. पण रडत बसली नाही. सासू शेजारी गेलेली बघून तिने बंबाचं झाकण काढलं, आत हात घातला आणि नखाने खरवडलं. नखात आला पांढरा चुरा. कल्हईचा कधी चुन्यासारखा भुगा होतो का? हे तर जड पाण्याचं साचलेलं पुट. जाळाच्या मधल्या नळीवर तर बोटभर जाड कवच चढलं होतं. खाली कितीही जाळ घाला, त्याची धग पाण्याला लागणार कुठून!

माहेरी चहाच्या किटलीला असंच पुट चढायचं. बाप माडी काढणारा. विकली न गेलेली माडी आंबली की आई ती किटलीत ओतून ठेवायची आणि पुट सुटायचं. केसरला उपाय सापडला, पण तो नेमका या घरात बंदी असलेला. दोन दिवस तिने विचार केला. मग सासू दिवसभरासाठी रामेश्वराच्या देवळात गेलेली बघून पलीकडच्या वाडीतल्या तुळशीरामाकडून आंबलेली माडी हंडे भरभरून आणली आणि बंबात ओतली. आत फसफस सुरू झाली.

मनुबाई संध्याकाळी देवळातून आली ती नाक दाबूनच.

"माझ्या घरात माडी! तू पितेस?"

"पित न्हाय, आत्या. बंबाला पाजली."

"निघ. आत्ताच्या आत्ता निघ!"

"निघते. पन आधी बंब उलटा करू द्या."

आणि तिने खरंच कुणाची वाट न बघता बंब अंगणात ओढला, उलटा केला, लाकडी दांड्याने हलके हलके ठोकला. खपल्याच खपल्या पडल्या, नारळाच्या करवंटीएवढ्या. आतून लालबुंद तांबं निघालं. मनुबाई आधी "कल्हई गेली गं माझी" म्हणून कपाळावर हात मारून खाली बसली. केसरने बंब धुतला, भरला, चार सोडणं घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "हात धरा."

मनुबाईने तोटीखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. मग अंगणातली एक खपली उचलून तिने नखाने खरवडली. "न्हाय जायचं तू कुठं," ती हळूच म्हणाली.

झालं! केसरची जागा पक्की झाली. दुसरी कुणी असती तर साखर वाटली असती. पण केसरला त्या दिवशी घास गेला नाही. दोष बंबाचा होता, तर ठमीचं काय चुकलं होतं?

सकाळी ती एकटीच रेवदंड्याला गेली. ठमी भावाच्या ओटीवर तांदूळ निवडत होती. केसरने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "घरी चला, ताई."

ठमीने सूप खाली ठेवलं. "तू आलीस न्यायला, हे तुझं मोठेपन. पन मला घालवलं तेव्हा नवरा वाडीत माती ओढत होता. तो का न्हाय आला?"

केसर उठली. तशीच परत आली. हरेश्वर वाडीत होता. त्याच्या हातातलं फावडं तिने काढून घेतलं.

"उद्या तुम्ही रेवदंड्याला जायचं. आणि चूक आपली होती, हे तिच्या भावासमोर म्हनायचं."

"आय काय म्हनंल?"

"आत्याचं मी बघते."

"आणि तू?" त्याने विचारलं.

"माझं मला बघू द्या."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तसा हरेश्वर धुतलेलं धोतर नेसून निघाला. मनुबाई मधल्या खोलीतून बाहेर आली नाही. केसर बेड्यात, अंगणाच्या फाटकाशी, उभी राहिली. सवत आणायला नवऱ्याला आपणच धाडतोय, हे तिला आत्ता कुठे नीट उमगलं, आणि ती रडली. चांगली पदर ओला होईस्तोवर रडली. वळणावर त्याने एकदा मागे बघितलं. तिने हाताने त्याला पुढे जा म्हणून खुणावलं.