वहिनीचं उरलेलं वर्ष

आमचे बाबा कोर्टात पुकारा करायचे. म्हणजे न्यायाधीश आत बसायचे, वकील आत भांडायचे आणि बाबा दाराशी उभे राहून पक्षकारांना "हाजिर हो" म्हणून हाका मारायचे. तीन हाका. तिसरीलाही कोणी आलं नाही की त्याच्या गैरहजेरीत निकाल. "साहेब, मी इथे कॅन्टीनमध्येच होतो," असं रडणाऱ्याला ते सांगायचे, "असशील. पण ओ दिली नाहीस." न्यायदानातला खरा भाग हाच, बाकी नुसती बडबड, असं त्यांचं प्रामाणिक मत. ते निवृत्त झाले तेव्हा कोर्ट तिथेच राहिलं, पुकारा मात्र घरी आला. जेवायलाही तीन हाका, नाहीतर ताट उचललं. गल्लीने त्यांचं नाव 'हाजिरहो' ठेवलं. त्यांना ती पदवी वाटली.

अशा घरात माझ्या धाकट्या भावाने कायदा शिकणारी बायको आणली. वहिनीची दोन वर्षं झाली होती. तिच्या कॉलेजची सोयच अशी, की दोन वर्षं इथे शिकायचं आणि शेवटचं वर्ष ब्रिटनमधल्या विद्यापीठात; पदवी तिथली. "एकच वर्ष राहिलंय ना? जाशील की," असं बाबा लग्नाच्या बैठकीतच म्हणाले होते. नाही म्हणण्याचा कोतेपणा आमच्या घराण्यात नाहीच. आम्ही फक्त पुढची तारीख देतो.

पहिली तारीख माझ्या भावाच्या बढतीनंतरची. मग माझं बाळंतपण आलं. मग बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. माणसाला तिसरा डोळा नसतो, म्हणून मग घराचं रंगकाम काढलं. वहिनी एका वकिलाकडे टायपिंग करायची. परदेशातल्या खर्चाची सोय तिने तिची तिने लावली, तेव्हा तीही सबब आमच्या हातची गेली. भावाने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. विषय निघाला की तो पंख्याकडे पाहायचा. दोघांत पंखा जास्त बोलायचा.

असं घोंगडं भिजत पडलेलं असताना विद्यापीठाने कळवलं, की तुमची आधीची दोन वर्षं यंदापर्यंतच धरली जातील. यंदा नाही आलात तर पुन्हा पहिल्यापासून. वहिनीने हे जेवताना सांगितलं. रडली नाही, नुसतं सांगितलं.

बाबा म्हणाले, "रविवारी सगळे बसू. निकालच लावून टाकू."

रविवारी मी माहेरी गेले. सगळे बसलो आणि बाबा दाढीला उठले. दाढी हे त्यांचं जुनं हत्यार. नको असलेला पाहुणा दाराशी आला की त्यांची दाढी वाढते. आतून नळाचा आवाज येत होता, मग गुणगुणणं सुरू झालं. चहा निवला. इतक्या वेळात एखाद्याने अख्ख्या गल्लीच्या दाढ्या उरकल्या असत्या.

वहिनी उठली. बाथरूमच्या दाराशी ताठ उभी राहिली आणि थेट बाबांच्या चालीत तिने पुकारलं, "सासरेबुवा हाजिर हो!"

गुणगुणणं थांबलं. तिने दुसरी हाक दिली. नळ बंद झाला. मला वाटलं, आता येतील. पण जन्मभर दुसऱ्यांना हाका मारणाऱ्याला स्वतः ओ द्यायची सवय कुठून असणार? तिसरी हाकही गेली.

"पक्षकार गैरहजर," वहिनी म्हणाली. "मी जातेय."

बाबा गालाला फेस तसाच घेऊन धावत बाहेर आले. "अगं, मी आतच होतो ना!"

"असाल, बाबा. पण ओ दिली नाहीत."

गुरूची विद्या गुरूला फळली. हा निकाल फिरवायचा, तर ज्या एका गोष्टीवर बाबांनी आयुष्य काढलं तीच खोटी ठरवावी लागली असती. ते खुर्चीत बसले. "बरोबर आहे," म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी टाळ्याच वाजवल्या.

वहिनी माझ्याकडे वळली.

"ताई, आता कसल्या टाळ्या वाजवताय? इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही सगळे माझ्या विरुद्ध आहात. विरुद्ध कोणीच नव्हतं हो. फक्त माझ्या बाजूने उठून बोलायला कोणाला सवड नव्हती."

ते मला फार लागलं, कारण ते खरं होतं. भाऊ पहिल्यांदाच काहीतरी बोलायला उठला. तोवर ती बॅग काढायला आत निघून गेली होती.