एक देव, एक काका आणि बाकीचं प्रतल

गणपतीच्या आठवडाभर आधी बाबांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं की त्यांना एक वाक्य हवंय. फक्त एक. मुलुंडचे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दरवर्षी दीड दिवसासाठी आमच्याकडे बोरिवलीला येतात आणि देवाला हात जोडून झाले की पहिला प्रश्न मुलीबद्दल, म्हणजे मालवणीत चेडवाबद्दल, विचारतात: चेडू अजून शिकताच काय, आणि नेमका शिकता तरी काय? गेल्या वर्षी बाबांनी "गणित" असं उत्तर दिलं, तर काका म्हणाले, गणित आपण शाळेतच संपवलं. त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी घाबरून "कॉम्प्युटर" म्हटलं आणि काकांनी लगेच त्यांचा बंद पडलेला मोबाइल माझ्या हातात ठेवला.

"दादासमोर दरवर्षी गप्प बसायला होतं गं," बाबा म्हणाले. "एक वाक्य दे. मी पाठ करतो."

काकांनी बाबांना गावाहून आणलं, नोकरीला लावलं, लग्नही त्यांनीच ठरवलं. त्यामुळे साठी उलटली तरी बाबा त्यांच्यासमोर गृहपाठ न केलेल्या मुलासारखे उभे राहतात. मला त्याचा राग यायचा. आणि आपल्याला एक साधं वाक्य देता येत नाही, याचा त्याहून जास्त.

वाक्य नव्हतंच माझ्याकडे. मी पीएचडीला ज्या प्रश्नावर अडले होते तो असा. चारी बाजूंनी कधीच न संपणारी रबराची चादर घ्या. गणितात तिला प्रतल म्हणतात. ती हवी तशी ताणायची, दाबायची, पण फाडायची नाही आणि दोन वेगळ्या जागा एकमेकींवर आणायच्या नाहीत. अशा ताणण्याला होमिओमॉर्फिझम असं भारदस्त नाव आहे. आता कोणीतरी त्या चादरीवर काही ठिपके, रेघा, डाग काढून देतं आणि बजावतं की एवढ्या जागा जागच्या जागी राहिल्या पाहिजेत, बाकीचा एकूण एक बिंदू मात्र हललाच पाहिजे. डाग कसलेही असोत, त्यांची कड त्यांच्यातच धरलेली असावी, एवढीच अट. तर तसं ताणून दाखव.

मी पानंच्या पानं लिहिली होती. डागांमधल्या प्रत्येक रिकाम्या भागात मी वेगळा भोवरा फिरवायचे, आणि हे भाग अगणित झाले की कुठल्या तरी कडेला माझी चादर हमखास फाटायची. माझ्या मार्गदर्शक मॅडम फार कमी बोलतात. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "तू प्रत्येक खोलीत वेगळा पंखा लावत बसलीयेस. सगळ्या घराला पुरेल असा एकच नियम शोध. गणपती झाले की भेट." मी बाहेर येऊन त्यांना मनातल्या मनात भरपूर ऐकवलं.

घरी बाबांना रबराची चादर समजावली. त्यांनी ती मन लावून पाठ केली. आईने भाजी निवडता निवडता ऐकलं आणि सांगितलं की हे दादांना सांगितलंत तर पोरगी बाळांच्या दुपट्यांच्या कंपनीत लागली असं ते मुलुंडभर सांगत सुटतील. बाबांचा चेहरा उतरला. वाक्याचा विषय तिथेच राहिला, कारण घरात माटवीचं काम निघालं होतं.

आम्ही मालवणी माणसं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी लागते, म्हणजे लाकडी चौकट, आणि तिला टांगलेली फळं, पानं, कवंडळं नावाची रानफळं, नारळ. फ्लॅटमध्ये त्यासाठी छताला हूक लागतात. यंदा नवीन फॉल्स सीलिंग केलं तेव्हा बाबांनी उभं राहून हुकांची जागा दाखवली होती. फक्त त्या वेळी सोफा-कम-बेड उघडा होता आणि बाबांनी भिंत समजून त्याच्या कडेपासून माप घेतलं. सोफा मिटला, हूक होते तिथेच राहिले. माटवी जिथे, तिथे तिच्याखाली देव. त्यामुळे आमचा गणपती कोपऱ्यातून निघून हॉलच्या जवळजवळ मध्यावर येऊन बसला. हे लक्षात आलं तेव्हा भटजी प्राणप्रतिष्ठा करून दक्षिणा घेऊन लिफ्टमध्ये शिरले होते. प्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेपर्यंत हलवत नाहीत. बाबांनी एकदा छताकडे पाहिलं आणि मग दिवसभर पाहिलंच नाही.

संध्याकाळी काका आले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती गणपती आणि खिडकी यांच्यामध्ये पंख्याखाली ठेवून घेतली, बसले, आणि आता आरतीलाही उठणार नाही असं जाहीर केलं. आमचा हॉल लांबट, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. शेजारपाजारचे, आईच्या भिशीतल्या बायका, सगळे सतरंजीवर बसले. बहुतेक जण दाराकडे दाटीवाटीने, कारण निघायला बरं. आणि तेवढ्यात दारात भजनी मंडळ उभं राहिलं. बुवा, पेटी, पखवाज, झांजा. पाय ठेवायला जागा नाही.

देव हलायचा नाही आणि काका उठायचे नाहीत. आईने कमरेला पदर खोचला आणि फर्मान काढलं की सगळ्यांनी खिडकीकडे सरका. जे गणपतीला चिकटून बसलेत त्यांनी सरकू नका, समईला धक्का लागेल. जे लांब बसलेत त्यांनी जास्त सरका.

"जास्त म्हणजे किती?" भिशीतल्या एका काकूंनी विचारलं. त्या बँकेत होत्या, त्यांना मोघम चालत नाही.

"गणपतीपासून जेवढ्या लांब आहात तेवढ्या," आई म्हणाली.

माणसं आज्ञाधारक निघाली. दाराकडचा प्रत्येक जण गणपतीपासून आपण जितके लांब होतो, बरोब्बर तितका सरकला. आता याचं काय होणार हे सांगायला पीएचडी लागत नाही. जवळचे थोडं सरकून गणपतीपाशी आले, लांबचे जास्त सरकून गणपतीपाशीच आले. अख्खा अर्धा हॉल एकाच क्षणी देवाच्या मांडीवर पोचला. मोदकांचं ताट कोणाच्या तरी पर्सखाली गेलं, समई डुगडुगली, माटवीतलं एक कवंडळ उडून पलीकडे बसलेल्या बँकेतल्या काकूंच्या डोक्यावर पडलं. बाबांनी झेप घेऊन मूर्तीला दोन्ही हातांनी धरलं. काका तेवढे शांत होते.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या तोंडून निघालं, "अर्धं सरका! जेवढे लांब होतात त्याच्या अर्धं!"

सगळे परत आपापल्या जागी गेले. काकू डोकं चोळत म्हणाल्या की माझ्या एका बाजूला गणपती आहे आणि दुसऱ्या बाजूला हे खुर्चीवाले, तर मी अंतर कोणापासून धरू? मी म्हटलं, जो जवळ असेल त्याच्यापासून. आणि सरकायचं सगळ्यांनी खिडकीकडेच.

ते सरकले. दाराकडची माणसं निम्म्या जागेत नीट दाटली, कोणी कोणावर चढलं नाही, कोणी कोणाला ओलांडलं नाही. देव आणि काका यांच्यामधले थोडे थोडे हलले. काकांच्या पलीकडचे खिडकीकडे पसरले. प्रतल अनंत असतं, आमचा हॉल नाही, त्यामुळे शेवटच्या आजी खिडकीच्या कट्ट्यावर गेल्या, पण त्यांना तिथे वारा लागत होता आणि त्या खूश होत्या. दारापाशी मोकळी जागा झाली आणि बुवा पेटी घेऊन आत आले.

मी मात्र तिथेच खिळले होते. शेजारी बसलेल्या दोघांमध्ये हातभर अंतर असेल, तर जवळच्या स्थिर माणसापासूनची त्यांची अंतरं जास्तीत जास्त हातभरानेच वेगळी असणार. मग त्यांच्या सरकण्यात फरक पडला तर अर्ध्या हाताचा. म्हणजे मागचा पुढच्याला कधीच गाठू शकत नाही. जे स्थिर आहेत त्यांचं अंतर शून्य, ते हलत नाहीत. बाकी सगळ्यांचं शून्याहून जास्त, ते हलतातच. एक देव असो, एक काका असोत, नाहीतर अगणित काका असोत, नियम तोच. माझी पानंच्या पानं गेली आणि दोन ओळी उरल्या. मला इतका आनंद झाला की मी बुवांच्या पहिल्या अभंगाला चुकीच्या ठिकाणी टाळी दिली. पुढे मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या की हे त्यांना कधीपासून माहीत होतं, मी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. त्यांच्यावर रागावायचं मी आता सोडून दिलंय.

भजन झालं, उसळ-पाव झाले, मंडळी पांगली. घरात आम्ही तिघं आणि काका उरलो. काकांनी चहाची बशी खाली ठेवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, या वेळी थेट बाबांनाच. चेडू शिकता तरी काय, आणि त्याचा उपयोग काय?

मी तोंड उघडणार होते. बाबांनी हाताने मला थांबवलं. ते सतरंजीवर काकांच्या खुर्चीसमोर बसले होते, आणि उठून उभे राहिले नाहीत.

"दादानू," ते म्हणाले, "तुमी उठलास नाय. गणपती हललो नाय. तरी सगळी बसली मा? ह्याच शिकता माझा चेडू."

आई आत भांडी लावत होती, ती थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलंही नाही. काकांनी दारापासून खिडकीपर्यंत नजर फिरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या परत एकदा सांग गो. आमच्या सोसायटीत माका इचारतत."

"तिका कित्याक?" बाबा म्हणाले. "माका इचारा. मी सांगतंय."