शिक्का मेलेल्यांसाठी सेंट क्रॉय

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावच्या मराठी मंडळींत कुणाचंही कॅरिबियन ठरलं, की फोन मला येतो. मी सेंट क्रॉयला गेलोय एकदाच, पण सांगायला बसलो की तिथल्या बोकडांनासुद्धा स्वतःविषयी नवी माहिती मिळते.

तर ऐका. ज्यांच्या पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का मेलेला आहे, त्यांच्यासाठी हे बेट. आपली तऱ्हा ठाऊकच आहे: नोकरीची परवानगी जिवंत, शिक्का मेलेला. अमेरिकेत खुशाल राहा. पण बाहेर पाऊल टाकलं, की नवा शिक्का मिळेपर्यंत आत यायचं नाही. आणि त्यासाठी वकिलातीतल्या अपॉइंटमेंटची वाट बघेपर्यंत नोकरी दुसऱ्याची झालेली असते. सेंट क्रॉय अमेरिकेचंच. म्हणजे शिक्का न लागणारा परदेश.

तिथे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवतात. मी आनंदानं असा श्वास घेतला, की सीटबेल्ट तुटायचाच राहिला. मागून मुलगी किंचाळली, "बाबा, राँग साइड!"

"गप गं. तुझा बाप याच साइडला शिकलाय."

दुकानात शिरल्याशिरल्या भाव विचारू नका. आधी 'गुड मॉर्निंग' म्हणा, नाहीतर दुकानदारीणबाई अशी बघते, की टोपलीतले नारळ आपोआप फुटतात. जॉनी केक खा. गोडसर, जाडजूड पुरीच ती. शाकाहाऱ्यांनी तिच्यावरच जगायचं, माझी बायको जगली. समुद्र एवढा नितळ, की माशांना खाजगी आयुष्य उरलेलं नाही. रस्त्यात मुंगसं आडवी जातील, ती आपलीच. उसातले उंदीर मारायला भारतातली जात आणून सोडली म्हणे. उंदीर रात्रपाळीचे, मुंगसं दिवसपाळीची, गाठच पडेना. काम झालं नाही, पोरंबाळं मात्र झाली.

आम्ही गेलो त्या हिवाळ्यात आई नागपुरात अंथरुणाला खिळली होती. व्हिसाचा वकील म्हणाला, जाऊ नका. बायको म्हणाली, "नोकरी गेली तर गेली. आईंना भेटून ये तू." मी म्हणालो, अपॉइंटमेंट मिळू दे. ती मिळायची आणि कॅन्सल व्हायची. शेवटी घरात कुणी कुणाशी बोलेना, तेव्हा बायकोनंच ही तिकिटं काढली.

किनाऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे भावानं आईसमोर फोन धरला होता.

"कुठं आहेस रे बाबू?"

"समुद्र बघ, आई! इथली म्हातारी माणसं पोहत पोहत बाजाराला जातात."

ती हसली, मग बराच वेळ खोकली. "विमानानं गेला का?"

"हो."

"मंग तसंच इकडं काहून नाही येत?"

"आई, हे अमेरिकेतच आहे गं."

"समुद्राच्या पलीकडं?"

"हो."

"मीबी पलीकडंच आहे ना रे."

मला कशावरही काहीतरी सुचतं. बारशात सुचतं, लेऑफच्या मीटिंगमध्ये सुचतं. तेव्हा मी फोन नुसताच समुद्राकडे वळवून धरला. थोड्या वेळानं भाऊ म्हणाला, "दादा, झोपली ती."

परतताना एक ध्यानात ठेवा: देशातल्या देशात असूनही तिथल्या विमानतळावर कागद तपासतात. परवानगीचे सगळे कागद हातात हवेत. अधिकाऱ्यानं माझा पासपोर्ट उलटापालटा केला आणि शिक्क्याच्या पानावर थांबला.

"हा तर संपलाय."

कागदांचा फोल्डर माझ्या बॅगेत होता. मी तो काढलाच नाही. म्हटलं, आता हा ओरडेल, मला कुठल्याशा खोलीत बसवेल आणि नागपूरच्या दिशेनं धाडून देईल. मग जाऊ की नको, हे मला ठरवावंच लागणार नाही. बाकी कशासाठीही मी एवढा देव आठवला नव्हता.

"अरे, काढ ना यार!" म्हणत बायकोनं बॅगेतून फोल्डर ओढला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं एक पान बघितलं, पासपोर्ट परत दिला आणि हसून पुढे जायला सांगितलं.

हिवाळा सरता सरता आई गेली. मी हर्नडनच्या स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर बघत होतो. तिला बाहेर नेत असताना भाऊ हळूच म्हणाला, "दादा, बॅटरी संपत आलीय. ठेवू का?"