नीलरागाचा अपघात

स्वस्ति श्री क्लॅरिनेटकेसरी, वरातमार्तंड, हिंगोली-वसमत-मार्ग-फुत्कारसम्राट अस्मादिकांकडून समस्त वादकबांधवांस नमस्कार. वाचून पुढल्या वादकाकडे धाडावे.

माझ्याकडे फोनोची एक अमेरिकी तबकडी आहे; तिच्यावर ‘ब्लूज’ असे लिहिले आहे. ब्लू म्हणजे निळा, निळा म्हणजे श्रीकृष्ण. सबब हा आनंदराग, या सिद्धान्ताने ती चाल मी सात वर्षे वरातीत द्रुतगतीने वाजवली.

आज सकाळी कनेरगावाजवळच्या तांड्यावर आमचा ढोल फाटला. ठेक्याविना तीच चाल विलंबित वाजवू लागलो, तोच नवरी आईच्या गळ्यात पडली आणि दोघी माझ्याच सुरात गाऊन रडू लागल्या. मी क्लॅरिनेट तोंडातून काढले!

“थांबले काहून, मास्तर?” आई म्हणाली. “पोरगी सासरी निघाली की आमी असंच रडतो. तुमाला कोणी शिकवलं?”

“अमेरिकेच्या तबकडीनं, बाई.”

“मंग तिकडं बी लेकी दूर जात असतील.”

सिद्धान्त तत्क्षणी दिवंगत झाला. सात वर्षे मी कोणाच्या तरी रडण्यावर वराती नाचवल्या!

आता ती तबकडी नीट ऐकायची आहे. परंतु फोनोची सुई बोथट, आणि महायुद्धापायी नवी मिळेना. दुकानदार म्हणतो, बाभळीचा काटा लावा. कोणी लावून पाहिला आहे काय?