मागून उघडणारं मॅन्युअल

आरमोरीत बसून मी जगभरातल्या लोकांच्या खिडक्या सांभाळत होतो आणि त्याचा मला एक पैसाही मिळत नव्हता.

खिडक्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या. मजकूर लिहिण्याचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं, देशोदेशीची माणसं हौसेनं ते चालवायची. त्यात पडद्याचे तुकडे करून चार-चार मजकूर शेजारी उघडता यायचे. मांडणी विस्कटली की एक बटण दाबायचं, मघाची मांडणी परत हजर! पुन्हा दाबलं की त्याच्याही आधीची. हे मागे जाणं सांभाळणारा गृहस्थ कंटाळून निघून गेला आणि ते लोढणं ई-मेलवरून माझ्या गळ्यात आलं. (मी लगेच हो म्हणालो. तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं!) दिवसा मी आमच्या दुकानाच्या मागच्या अर्ध्यात लग्नपत्रिका टाइप करायचो आणि उरलेल्या वेळात हा उद्योग.

दुकानाच्या पुढच्या अर्ध्यात अब्बांचं बाइंडिंग चालायचं. मशिदीतल्या उर्दू किताबा असोत की तहसीलची दप्तरं, सारा तालुका त्यांच्याकडेच यायचा. त्यांच्या सुखात खडा एकच, वासुदेवभाऊ. हे निवृत्त मास्तर रोज संध्याकाळी चहाला येत आणि न चुकता विचारत, पोरगा करतो तरी काय? अब्बांना सांगता यायचं नाही. मी समजवायला बसलो की दोघांचा चहा निवून जायचा आणि अब्बांचा चेहरा त्याहून जास्त.

शेवटी अब्बा म्हणाले, हातात धरता येईल असं काहीतरी दे, मी बांधतो, मग बघू भाऊ काय म्हणतात ते. माझ्या कामाचं मॅन्युअलही मीच लिहीत होतो. छापलं की झालं!

झालं, पण कसं! शिलाईसाठी कागदाच्या डाव्या बाजूला जास्त कोरी जागा सोडतात. मी ती उजवीकडे सोडली. अब्बांनी गठ्ठा पाहिला. इंग्रजी त्यांना येत नाही, पण जागा जिकडे, शिलाई तिकडे, हा त्यांचा जन्माचा हिशेब. तरी त्यांनी विचारलंच, ही आपल्या उर्दू किताबांसारखी उजवीकडून बांधायची का? मी तेव्हा परदेशातल्या कुणाची तरी हरवलेली खिडकी शोधत होतो. मान न वळवता म्हणालो, हो हो, तशीच.

निकाहाच्या रजिस्टरासाठी राखलेलं लाल कापड अब्बांनी त्या मॅन्युअलला लावलं. दुसऱ्या दिवशी पुस्तकं दाबायच्या शिकंज्यातून काढून थेट वासुदेवभाऊंच्या हातात दिलं. मीही ते तेव्हाच पाहिलं.

मास्तरांनी सवयीनं डावीकडून उघडलं. पहिल्याच पानावर शेवटची सूची! त्यांनी चष्मा पुसला, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"बशीरभाऊ, हे तं उलटंच बांधलं जी तुमी."

अब्बांनी मॅन्युअल हातात घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यभर तालुक्याची पुस्तकं बांधणारा माणूस, आणि चूक सापडली ती पोराच्या पहिल्याच पुस्तकात, तीही मास्तरांपुढे! खरं तर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवायचं, मोकळं व्हायचं. मी कबूल करायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा गुडघा दाबला.

"मुद्दाम बांधलं, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "पोराचं कामच मांगं जायचं हाय. पडद्यावर पसारा झाला का हा मांगची मांडणी आणून देते. मंग पुस्तक मांगूनच उघडन ना?"

वासुदेवभाऊंनी मॅन्युअल पुन्हा हातात घेऊन मागून उघडलं.

"आता समजलं मले," ते म्हणाले. "हे आधी काऊन नाई सांगितलं?" आणि चहा न घेताच ते चौकात ही बातमी सांगायला निघून गेले.

अब्बांचे सरसाने चिकट झालेले हात मला धरून ठेवावेसे वाटत होते. ते मात्र एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी मान वळवून उत्तर देत जा.

त्यानंतर गावात मला कुणी काय करतोस म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. एवढं जाडजूड मॅन्युअल मी लिहिलं, पण लोकांना माझं काम समजलं ते एकाच वाक्यातून, आणि ते वाक्य त्यात कुठेच नाही!